सात स्वर, ५०४० क्रम

ग्वाल्हेर घराण्याची सपाट तान सुटली की श्रोते दाद देतात ती वेगाला आणि दमसासाला. स्वरांचा क्रम म्हणाल तर तो अगदी सरळ: चढत जायचं, उतरत यायचं. पण सात स्वरांच्या सात चिठ्ठ्या करून एकेक उचलली, तर सा ते नी हा सरळ आरोह हाती येण्याची शक्यता किती? ५०४० मध्ये एक. फक्त सा, ग, प एवढेच याच ओळीने यायला हवेत, मधे कोणीही घुसलं तरी चालेल, असं म्हटलं तर सहात एक.

या ५०४० क्रमांचा हिशेब तेराव्या शतकात देवगिरीला मांडला गेला. यादव राजा सिंघणाच्या दरबारी हिशेबाचं खातं सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यात स्वरांचे सगळे क्रम ओळीने लिहून काढण्याची रीत दिली. ती म्हणजे प्रस्तार. तीन स्वरांचा प्रस्तार असा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा.

मग प्रश्न येतो: ‘गसारे’ कितवी तान? त्यासाठी खंडमेरू. आकड्यांच्या या कोष्टकात पहिल्या रकान्यात १, दुसऱ्यात ०, १ आणि तिसऱ्यात ०, २, ४. शेवटचा स्वर रे. मूळ ‘सारेग’मध्ये तो शेवटून दुसरा, म्हणून तिसऱ्या रकान्यात मोजणीचा खडा वरून दुसऱ्या आकड्यावर, म्हणजे २ वर ठेवायचा. रे वगळला की ‘गसा’ उरतं, त्याचा शेवट सा; मूळ क्रमातल्या ‘साग’मध्ये तो शेवटून दुसरा, म्हणून दुसऱ्या रकान्यात १. पहिला १ मिळवला की बेरीज ४. चौथी तान! यादी न लिहिताच जागा सापडली. सात रकान्यांतले सर्वांत मोठे आकडे मिळवले की ५०४० भरतात.

या सगळ्या क्रमांतली सरळ वाट धरली ती ग्वाल्हेरनं. शिंद्यांच्या ग्वाल्हेरात हद्दू, हस्सू आणि नत्थू खाँनी ख्यालाला जो घाट दिला, त्यात सपाट तानेला मान मिळाला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात आणली.

रागात मात्र सगळे क्रम खपत नाहीत. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच, क्रम १२०; तरी भूपात गंधाराचं राज्य, देशकारात धैवताचं.

सरळ क्रम सोडून उरलेल्या वाकड्या वाटा, म्हणजे कूटताना, होळकरांच्या इंदुरात वाढलेल्या गायक अमीर खाँनी जवळ केल्या. वडील शाहमीर खाँकडून त्यांना मेरुखंडाची, म्हणजे स्वरांचे असे क्रम उलगडत जाण्याची, तालीम मिळाली होती, आणि तीच त्यांच्या विलंबित ख्यालातल्या संथ बढतीचा कणा झाली.