हौशी बिनतारी आणि शक्तीचें स्थित्यंतर

हौशी हा शब्द आपल्याकडे थोडा कमी लेखण्यासाठींच वापरला जातो. हौशी नट म्हटला कीं चुकलेले संवाद आठवतात. हौशी गवई म्हटला कीं निसटलेला सूर आठवतो. परंतु बिनतारी विद्येच्या इतिहासांत ह्या शब्दाला निराळी प्रतिष्ठा आहे. द्रव्यलाभाची अपेक्षा न धरतां आपल्या हातांनीं यंत्र उभारावें, सरकारी परवाना घ्यावा, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाच्या अनोळखी मनुष्याशीं संभाषण करावें, हा ज्यांचा छंद, ते हौशी बिनतारीवाले. त्यांच्या खोलींतील ज्या एका यंत्राविषयीं मी आज बोलणार आहें, त्याचें नांव शक्तिविवर्धक. लहान संचांतून निघालेली पांचपन्नास वॉटांची लहर घ्यावी आणि तिची शक्ति हजार वॉटांपर्यंत वाढवून ती एरियलकडे पाठवावी, एवढेंच त्याचें काम. परंतु हें काम करण्याची रीति गेल्या शंभर वर्षांत अशी पालटली कीं, तिच्याबरोबर तें करणाऱ्या मनुष्याची शिस्तही पालटली.

आरंभीं हौशांपाशीं विवर्धक नव्हताच. ठिणगी पाडून लहरी उत्पन्न कराव्या, हीच त्या वेळची रीति. १९१२ सालीं अमेरिकेंत जो कायदा झाला, त्यानें हौशांना २०० मीटर आणि त्याहून आंखूड लहरींचा प्रांत नेमून दिला, व शक्तीची मर्यादा एक किलोवॉट ठरविली. दूरच्या संदेशाला आंखूड लहरी निरुपयोगी आहेत, असें तेव्हांच्या जाणत्यांचें मत होतें; म्हणजे हें दान नापीक जमिनीचेंच होतें म्हणावयाचें! १९१४ सालीं हायरम पर्सी मॅक्सिम यांनीं क्लॅरेन्स टस्का ह्या तरुणाच्या साहाय्यानें अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली, आणि १९२१ च्या डिसेंबरांत त्या जमिनीचा कस जगाला कळला. लीगनें पॉल गॉडली यांना स्कॉटलंडांत धाडलें. आर्ड्रॉसन गांवाजवळ समुद्रकांठीं तंबू ठोकून ते कडाक्याच्या थंडींत रात्रीमागून रात्र कानाला यंत्र लावून बसले. ठिणगीचीं कांहीं केंद्रें त्यांना ऐकूं आलीं. परंतु कनेक्टिकटमधील ग्रीनिच येथील १ बीसीजी ह्या केंद्राचा संदेश विशेष स्वच्छ आला. हें केंद्र रेडिओ क्लब ऑफ अमेरिकेच्या सभासदांनीं बांधलें होतें, आणि त्यांत एडविन आर्मस्ट्राँग हेही होते. त्यांच्या यंत्रांत ठिणगी नव्हती. निर्वात नळ्यांतून निघालेली अखंड लहर होती, आणि तिच्यामागें सुमारें एक किलोवॉट शक्ति होती. पुढें दोनच वर्षांनीं, १९२३ च्या नोव्हेंबरांत, अमेरिकेचे फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधील नीस शहराचे लेऑन देलुआ यांनीं सुमारें ११० मीटरांच्या लहरीवर अटलांटिकपार परस्परांशीं संभाषण केलें. ठिणगीचें युग संपलें आणि नळीचें युग सुरू झालें.

ह्या नळीचा धर्म थोडक्यांत असा. तापलेल्या तंतूंतून ऋणकण निघतात. धन पट्टी त्यांना ओढून घेते. आणि मधली जाळी इवल्याशा इशाऱ्यानें त्यांचा ओघ कमीअधिक करिते. मोठा ओघ लहान इशाऱ्याच्या आज्ञेंत चालतो, हेंच विवर्धन. परंतु मोठी शक्ति हवी असेल तर त्या पट्टीवर दोन-तीन हजार व्होल्टांचा दाब ठेवावा लागतो. १९३४ सालीं कॅलिफोर्नियांत विल्यम आयटेल आणि जॅक मॅक्कलक ह्या दोघां हौशांनींच अशा नळ्यांचा कारखाना काढला, व त्यांच्या आयमॅक नळ्या पुढें जगभर गेल्या. नळी मोठी सोशीक असे. चूक झाली तर तिची पट्टी लाल होई. तो लाल रंग पाहून मनुष्य कळ बंद करी, आणि नळी बहुधा वांचे.

नळी वांचे, पण मनुष्य? दोन-तीन हजार व्होल्टांना क्षमा ठाऊक नसते. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरांत सांठलेला भार प्राण घेऊं शकतो. रॉस हल हे मूळचे ऑस्ट्रेलियन. लीगच्या क्यूएसटी मासिकाचे सहसंपादक. अति-आंखूड लहरी वातावरणाच्या खालच्या थरांत वांकून क्षितिजापलीकडे जातात, हें दाखवून देणाऱ्यांत त्यांची गणना होते. १९३८ च्या सप्टेंबरांत आपल्या घरीं दूरचित्रवाणीच्या संचावर प्रयोग करीत असतां त्यांना उच्च दाबाच्या विजेचा धक्का बसला, आणि त्यांतच त्यांचा अंत झाला. एवढा जाणता मनुष्य एका स्पर्शानें गेला! यंत्र उघडतांना एक हात खिशांत ठेवावा, पेटीचें झांकण निघतांच वीज आपोआप तुटावी, आणि कंडेन्सरांवर सांठलेला भार निचरून जाण्यास वाट असावी, हे नियम त्या काळच्या हौशांनीं पाठ केले ते कांहीं पुस्तकी हौसेनें नव्हे. त्यांच्यामागें अशा मृत्यूंची आठवण उभी होती.

१९४७ च्या डिसेंबरांत न्यू जर्सींतील मरे हिल येथें, बेल प्रयोगशाळेंत, जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनीं जर्मेनियमच्या लहानशा तुकड्यावर सोन्याचीं दोन टोंकें टेकवून विवर्धन साधलें. पुढील वर्षीं ३० जूनला ही गोष्ट जाहीर झाली. निर्वात पोकळी नाहीं, तापलेला तंतु नाहीं. ऋणकणांचा सारा व्यवहार घन पदार्थाच्या पोटांत. म्हणूनच अशा यंत्रांना घनावस्थेचीं यंत्रें म्हणतात. परंतु आरंभींचे ट्रान्झिस्टर अतिशय दुबळे होते. कानाशीं कुजबुजण्यापुरती त्यांची ताकद. समुद्र ओलांडणारी हांक त्यांच्याकडून निघेना. हौशांच्या ग्राहक यंत्रांत ते लवकर शिरले, परंतु मोठ्या विवर्धकांत नळी कित्येक वर्षें आपल्या आसनावर अढळ राहिली.

ह्याचें कारण साध्या गणितानें कळतें. हजार वॉट बाहेर हवे असतील तर यंत्राला सुमारें दीड हजार वॉट पुरवावे लागतात. तीन हजार व्होल्टांच्या नळीला त्यासाठीं अर्धा अँपिअर प्रवाह पुरतो. पन्नास व्होल्टांच्या ट्रान्झिस्टरला तीस अँपिअर लागतात. एरियलच्या तारेचा अवरोध बहुधा पन्नास ओहमांचा. नळीचा हजारों ओहमांचा, ट्रान्झिस्टरांच्या जोडीचा जेमतेम पांच-सहा ओहमांचा. ह्यांचें लग्न लावण्यासाठीं फेराइटच्या कड्यांवर थोडेसेच वेढे घेऊन खास ट्रान्सफॉर्मर बनवावे लागतात. आणि उरलेले पांचशे वॉट कोठें जातात? ते उष्णता होतात. इस्त्रीएवढी ती उष्णता दोनचार बोटें लांबीच्या तुकड्यांतून बाहेर काढावयाची! त्यांतही जुन्या जातीचा ट्रान्झिस्टर तापला कीं अधिक प्रवाह घेई, आणि अधिक प्रवाह घेतला कीं अधिक तापे. ह्या फेऱ्यांत सांपडलेला ट्रान्झिस्टर लाल होऊन सूचना देत नसे. निमिषांत मरून जाई.

हा तिढा सोडविणाऱ्यांत मोटोरोला कंपनीचे अभियंते हेल्गे ग्रॅनबर्ग यांचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. ते स्वतः हौशी होते. १९७६ सालीं त्यांनीं क्यूएसटीमध्यें एक किलोवॉटच्या ट्रान्झिस्टर-विवर्धकाची सविस्तर कृति प्रसिद्ध केली. एका ट्रान्झिस्टरवर सारा भार न टाकतां त्यांनीं तीनशे-तीनशे वॉटांचे चार खंड केले आणि त्यांची शक्ति शेवटीं एकत्र जोडली. पुढें चार फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टरांचा त्यांचा सहाशे वॉटांचा आराखडा तर देशोदेशींच्या हौशांनीं आपल्या टेबलांवर उभारला. कंपनीचें गुह्य न राखतां वेटोळ्यांच्या वेढ्यांपर्यंत सर्व कांहीं छापून देणें, हें ह्या विद्येचें मोठें औदार्य होय.

त्यानंतरची पायरी फिरत्या दूरध्वनीच्या मनोऱ्यांनीं घडविली. त्यांच्यासाठीं १९९० च्या दशकांत जो ट्रान्झिस्टर पुढें आला, त्यास एलडीमॉस म्हणतात. त्याचा एक ध्रुव थेट तळाच्या धातूलाच जोडलेला असतो. त्यामुळें उष्णतेला सरळ वाट मिळते, आणि जुन्या ट्रान्झिस्टरांच्या पोटांत असणाऱ्या बेरिलियम ऑक्साइडची, ज्याची भुकटी फुप्फुसांना विषारी, गरजच उरत नाहीं. फ्रीस्केल कंपनीचा पन्नास व्होल्टांवर १२५० वॉट देणारा एकच ट्रान्झिस्टर आला. २०१५ सालीं ती कंपनी एनएक्सपींत विलीन झाली, आणि १८०० वॉटांचा, पासष्ट व्होल्टांवर चालणारा ट्रान्झिस्टर २०१७ सालीं आला. अमेरिकेंत हौशांना १५०० वॉटांची मर्यादा आहे. म्हणजे कायद्याची सारी मर्यादा आतां मुठींत मावते.

मग हौशाचें काम सोपें झालें काय? नाहीं, तें निराळें झालें. तो आज ट्रान्झिस्टर तांब्याच्या जाड पत्र्यावर झाळतो, त्याखालीं पंख्यांनीं थंड होणारी ॲल्युमिनियमची पन्हळी बसवितो. नळीच्या यंत्रांतील वेटोळें व कंडेन्सर ओहमांचा मेळही घालीत आणि नको त्या लहरी बऱ्याचशा अडवीतही. आतां लहरींच्या प्रत्येक पट्ट्यासाठीं वेगळी गाळणी बांधावी लागते. एरियल तुटली, शक्ति उलटी परतली, उष्णता वाढली, तर डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं यंत्र बंद करणारा पहारेकरी त्याला आधीं बसवावा लागतो. पहारेकरी आधीं आणि शक्ति मागाहून, हा क्रम जो चुकवितो त्याचा महागडा ट्रान्झिस्टर पहिल्याच दिवशीं जातो.

श्रोतेहो, ह्या इतिहासाचें सार मला असें दिसतें. नळीच्या काळीं चूक यंत्र सोशी आणि तिची किंमत कधीं कधीं मनुष्य प्राणांनीं देई. आज चूक यंत्राला सोसत नाहीं, पण मनुष्य बहुधा वांचतो. बहुधा म्हणण्याचें कारण, घरांतील वीज आजही प्राणघातकच आहे, आणि तीस अँपिअरांच्या वाटेंत बोटांतली अंगठी आली तर ती क्षणांत तापून बोट भाजते. तरी एवढा पालट लहान नव्हे. पैशाचें नुकसान भरून येतें; रॉस हल परत आले नाहींत.

आणखी एक गोष्ट. शंभर वॉटांचे हजार केले तरी ऐकणाऱ्याच्या मापकाचा कांटा रूढ प्रमाणाप्रमाणें दोन घरेंही पुढें सरकत नाहीं. अमेरिकेचा नियमही सांगतो कीं, कामापुरती किमान शक्तीच वापरावी. १९२१ सालीं अटलांटिक ओलांडला गेला तो ग्रीनिचच्या किलोवॉटामुळें, हें खरेंच. परंतु आर्ड्रॉसनच्या तंबूंत कोणी तरी रात्रभर ऐकत बसलें होतें, हेंही तितकेंच खरें. आवाज वाढविण्याची विद्या घनावस्थेला आली. ऐकण्याची विद्या मात्र अजून मनुष्याच्याच हातीं आहे.