साठीनंतरचा दवाखाना

आपल्या सीमाभागातल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या एक तरी माणूस सरकारी नोकरीत असतो. कोणी तलाठी, कोणी शाळामास्तर, कोणी वनखात्यात, कोणी बांधकाम खात्यात. घरात नोकरीचा विषय निघाला की वडीलधारी माणसे एकच गोष्ट सांगतात : "पगार कमी असला तरी चालेल, मागे पेन्शन आहे." औषधपाण्याबद्दल मात्र कोणी काही बोलत नाही. नोकरी आहे तोवर दवाखान्याचे बिल सरकार देते, मग पुढेही देत असेल, असे बहुतेकांनी मनाशी धरलेले असते. प्रत्यक्षात पेन्शन आणि औषधोपचार या दोन सवलतींचा इतिहास वेगळा आहे. तो कळला, तर निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी आपण कुठे उभे असतो तेही कळते. यंदाच्या अंकासाठी हा विषय त्यासाठीच निवडला.

आपला उत्तर कन्नड जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभारात राहिला. आजचा जोयडा तालुका तेव्हा सुपे तालुका होता. पुढे काळी नदीवरच्या धरणात सुपे गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. गुंद, उळवी, अणशी हा सगळा मुलूख घनदाट जंगलाचा. सुपारीच्या बागा आणि भातशेती होती, पण हिवतापाने माणसे जेरीस आलेली असायची. मुंबई सरकारने १९४६ साली धारवाड आणि उत्तर कन्नड जिल्ह्यांत डीडीटी फवारणीची मोठी मोहीम काढली. डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखालचे ते काम पुढे देशभरच्या हिवताप निर्मूलनाला उपयोगी पडले. अशा मुलखात कारकून किंवा रेंजर नेमायचा, तर त्याला औषध देणे सरकारला भागच होते. नोकर तापाने अंथरुणाला खिळला तर सारा कोण वसूल करणार आणि जंगल कोण राखणार? सरकारी नोकराला मिळणाऱ्या औषधोपचारामागचा विचार हा असा आहे. नोकर कामावर उभा राहावा म्हणून औषध.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आदल्या दिवशी मुंबई सरकारचे असलेले नोकर दुसऱ्या दिवशी म्हैसूर सरकारचे झाले. त्यांचे काय होणार, ही काळजी तेव्हा घरोघरी होती. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने त्यांना एक आधार दिला : केंद्र सरकारच्या आगाऊ मंजुरीशिवाय त्यांच्या सेवाशर्ती त्यांचे नुकसान होईल अशा बदलता येणार नाहीत. १९५८ मध्ये म्हैसूरचे नागरी सेवा नियम लागू झाले आणि १९६३ मध्ये सरकारी नोकरांच्या वैद्यकीय उपचाराचे स्वतंत्र नियम आले. राज्याचे नाव बदलून १९७३ मध्ये कर्नाटक झाले, पण १९६३ चे हे नियम त्याच सालाच्या नावाने पुढे चालत राहिले.

या नियमांची रीत आपल्यातल्या अनेकांनी अनुभवली आहे. आधी ठरलेल्या सरकारी डॉक्टरकडे जायचे, लागल्यास त्याच्या चिठ्ठीने मान्यताप्राप्त रुग्णालयात जायचे, पैसे खिशातून भरायचे, मग बिले, पावत्या आणि दाखले जोडून खात्याकडे प्रस्ताव पाठवायचा. मंजुरी आली की ठरलेल्या दराने पैसे परत. सवलत नोकराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला. पण या सगळ्याचा पाया म्हणजे सेवेत असणे. सेवापुस्तक बंद झाले की ही वाटही बंद होते.

पेन्शनची गोष्ट निराळी. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, ती आधी केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असे त्यात स्पष्ट झाले. म्हणजे पेन्शन ही आपण कमावलेली आणि मागून मिळणारी रक्कम ठरली. औषधोपचाराला मात्र कोणी असे म्हटले नाही. तो कामावरच्या माणसाची देखभाल म्हणूनच राहिला. माणूस तोच आणि त्याचे गुडघेही तेच. पंचावन्नाव्या वर्षी गुडघा दुखला तर सरकारी खर्च आणि एकसष्टाव्या वर्षी दुखला तर घरचा खर्च, हा फरक इथून आला.

सगळीकडे असेच आहे का? नाही. आपल्या आसपासच तीन वेगळी उदाहरणे आहेत.

पहिले केंद्र सरकारचे. १९५४ साली दिल्लीत केंद्र सरकारी आरोग्य योजना, म्हणजे सीजीएचएस, सुरू झाली. नोकर दरमहा वर्गणी भरतो. निवृत्त होताना दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की आयुष्यभराचे कार्ड मिळते. २०१७ च्या दरांनुसार सहाव्या पातळीवरच्या कर्मचाऱ्याची वर्गणी महिना ४५० रुपये होती, म्हणजे एकरकमी ५४,००० रुपये. एवढ्यात नवरा-बायको दोघांची जन्मभराची सोय. योजनेचे केंद्र नसलेल्या भागात राहणाऱ्या पेन्शनरांना त्याऐवजी दरमहा १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेता येतो.

दुसरे दांडेलीचे. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा, प्रत्यक्ष योजना १९५२ पासून कानपूर आणि दिल्लीत. कागद गिरणीच्या दांडेलीतही ईएसआयचे रुग्णालय आले. कामगार आणि मालक दोघे पगाराच्या प्रमाणात वर्गणी भरतात. २०१९ पासून ती कामगाराची पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के आहे. किमान पाच वर्षे विम्यात राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी उपचार चालू ठेवता येतात. म्हणजे दिवसाला आठ आणेसुद्धा नाहीत.

तिसरे बेळगावचे. मराठा लाइट इन्फंट्रीमुळे आपल्या भागातल्या घराघरांत माजी सैनिक आहेत. १ एप्रिल २००३ पासून त्यांच्यासाठी ईसीएचएस योजना सुरू झाली. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी द्यायची, नंतर पती-पत्नी दोघांनाही उपचार.

तिन्हींतला धागा एकच आहे. चालत्या काळात थोडे भरले म्हणून थकल्या काळात मिळते, आणि उरलेला मोठा भार सरकार किंवा मालक उचलतो. कामासाठी औषध हा जुना विचार सोडून, केलेल्या सेवेसाठी औषध हा नवा विचार तिथे आला.

आता आपल्या राज्याकडे पाहू. राज्य सरकारने २०१४ साली ज्योती संजीवनी योजनेचा आदेश काढला. हृदयरोग, कर्करोग, मेंदूचे विकार, मूत्रपिंडाचे विकार, भाजणे, मोठे अपघात आणि नवजात व लहान मुलांच्या शस्त्रक्रिया अशा सात गटांतल्या उपचारांसाठी नोकराला पैसे आगाऊ भरावे लागेनात. हे मोठेच पाऊल होते. पुढे कर्नाटक आरोग्य संजीवनी योजना आली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून ती लागू झाली. तिच्यात उपचारांचा आवाका वाढला आणि पहिल्यांदाच नोकराच्या पगारातून वर्गणी कापली जाऊ लागली : 'अ' गटाला महिना १,०००, 'ब' गटाला ५००, 'क' गटाला ३५० आणि 'ड' गटाला २५० रुपये. पण या दोन्ही योजना सेवेतल्या नोकरांसाठी आखल्या गेल्या.

माझ्यासारख्या डिप्लोमा करून नोकरीत आलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला इथे एक साधा हिशेब सुचतो. 'क' गटातल्या माणसाने पंधरा वर्षे ३५० रुपये भरले, तर ६३,००० रुपये होतात. केंद्राच्या नोकराच्या ५४,००० पेक्षा ही रक्कम जास्तच आहे. वर्गणी आली म्हणजे नियमाचा जुना पायाच बदलला. आता हे केवळ नोकराला कामावर उभे ठेवण्याचे औषध राहिले नाही, त्यात नोकराचा स्वतःचा पैसा आहे. म्हणून ती वर्गणी साठीच्या पलीकडे चालू ठेवण्याची सोय असावी, ही मागणी भीक ठरत नाही. निवृत्तांनी वर्गणी भरू नये असे कोणीच म्हणत नाही. दार तेवढे उघडे असावे.

१ एप्रिल २००६ नंतर लागलेल्या आम्हा लोकांना याची निकड जास्त आहे. आमची पेन्शन नव्या योजनेतली, बाजारावर अवलंबून. वडिलांच्या पिढीला औषधाची सोय नव्हती, पण ठरलेली पेन्शन आणि वाढता महागाई भत्ता होता. आमच्याकडे दोन्ही बाजू सैल आहेत.

मग निवृत्त माणसाला आज काय मिळते? २०१८ साली राज्याची आरोग्य कर्नाटक योजना केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार. इतरांना, म्हणजे बहुतेक पेन्शनरांना, ठरलेल्या दराच्या ३० टक्के मदत, तीही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, आणि तातडीची वेळ सोडली तर सरकारी दवाखान्याच्या चिठ्ठीने. उरलेले ७० टक्के घरचे. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांसाठी उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांचे संरक्षण आणले. पण राज्यात निवृत्ती साठाव्या वर्षी. मधली दहा वर्षे, जेव्हा रक्तदाब, साखर आणि हृदय डोके वर काढतात, तीच उघडी राहतात.

आमच्या भागातल्या एका निवृत्त गुरुजींवर ही वेळ आली. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी हृदयाचे दुखणे निघाले. गुंदसारख्या गावातून मोठे रुग्णालय गाठायचे म्हणजे दांडेलीवरून हुबळी-धारवाड, नाहीतर घाट उतरून कारवार किंवा गोवा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागते. गुरुजींनी सोसायटीचे कर्ज काढले, जीव वाचला. त्यांना एकच गोष्ट खटकली : नोकरीत असताना हेच दुखणे आले असते, तर एवढे कर्ज डोक्यावर बसले नसते.

नियम बदलेपर्यंत घरच्या पातळीवर करण्यासारखे थोडे आहे, ते इथे सांगतो. निवृत्तीची वाट न पाहता पन्नाशीच्या आतच कुटुंबाचा खाजगी आरोग्य विमा सुरू करावा. आधीच असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षेचा काळ असतो. २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा केला आहे, आणि तो आपण सेवेत असतानाच सरून जातो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाकडे जावे लागते. आयुष्मानचे कार्ड प्रत्येकाने काढून ठेवावे, ३० टक्के म्हणजेही पैसेच. शेती असलेल्यांनी सोसायटीमार्फत यशस्विनी योजनेचीही चौकशी करावी. २००३ साली सुरू झालेली ही योजना २०१८ मध्ये थांबली होती, ती २०२३ पासून पुन्हा चालू आहे.

आपल्या वाडवडिलांनी तापाच्या मुलखात सरकारची चाकरी केली, एका राज्याची दुसऱ्या राज्याशी अदलाबदल झाली तरी काम सोडले नाही. त्यांच्या सेवेचे मोल पेन्शनीत धरले गेले, औषधात नाही. वर्गणीच्या रूपाने ती दुरुस्ती करण्याची संधी आता आली आहे. नोकर संघटनांनी, पेन्शनर मंडळींनी आणि आपल्यासारख्या मंडळांनीही हा मुद्दा शांतपणे, आकड्यांसह, पुन्हा पुन्हा मांडत राहावा. सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, हीच श्रीगणरायाच्या चरणी प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!