चाकरमान्याचे पंचांग

कोकणातल्या एखाद्या घराण्याचा इतिहास लिहावयाचा झाला, तर खोताचे दप्तर, देवस्थानच्या सनदा आणि कुलवृत्तान्ताची पाने चाळून तो पुरा होत नाही. मुंबईहून गावाकडे जाणारी वाट कोणत्या काळी कोणत्या महिन्यांत खुली होती आणि कोणत्या महिन्यांत बंद, याचा हिशेब त्या इतिहासाशेजारी मांडावाच लागतो. मुलीचे लग्न वैशाखातच का लागले, नातवाचे बारसे बाराव्या दिवशी न होता पाचव्या महिन्यात का झाले, बापाला अग्नी थोरल्याऐवजी धाकट्याने का दिला, भावाभावांतील वाटणीचा कागद शिमग्याच्या पंधरवड्यातच का झाला, या प्रश्नांची उत्तरे शास्त्रात वा रूढीत शोधण्यापूर्वी समुद्र, घाट आणि गिरणीची रजा यांत शोधावी लागतात. रत्नागिरीच्या मुलुखात, म्हणजे १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा निघण्यापूर्वीच्या अखंड जिल्ह्यात, गेली दीडशे वर्षे कुटुंब ही संस्था दोन ठिकाणी राहत आली आहे. आणि तिचे दोन्ही भाग एकत्र यावयाचे दिवस प्रवासाच्या साधनांनी ठरविले आहेत, असे माझे मत आहे.

मुलूख देखणा, पण पोटाला अपुरा. डोंगरउताराची वरकस जमीन, जांभ्याचे उघडे सडे, खाडीकाठी थोडीशी खलाटी, आणि तीतून निघालेल्या भातानाचणीतला अर्धेल किंवा तिर्धेल वाटा खोताच्या कोठीत जावयाचा. खोती कायद्याने संपली ती १९४९ साली. तोवर कुळाच्या पदरी पडणारे धान्य पुढच्या पावसापर्यंत पुरले म्हणजे वर्ष चांगले गेले असे समजत. घराबाहेर पडून रोख पैसा मिळविण्याची वाट आधी पलटणीने दाखविली. कंपनी सरकारच्या फौजेत कोकणातील शिपायांचा भरणा मोठा होता, आणि निवृत्त शिपाई दापोलीच्या कॅम्पात वस्ती करून राहत; मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावच्या सुभेदार रामजींचे, बाबासाहेब आंबेडकरांच्या वडिलांचे, घराणे याच परंपरेतले. पुढे १८५४ साली मुंबईत कापडाच्या पहिल्या गिरणीची उभारणी सुरू झाली, तिच्यामागून दुसऱ्या आल्या, आणि एका पिढीच्या आत साच्यांवर, चात्यांवर आणि गोदीच्या धक्क्यावर रत्नागिरीची माणसे दिसू लागली. ज्यांना गावात खोताचा जाच होता त्यांना मुंबई ही सुटका होती. ज्यांना खोतापेक्षाही विटाळाचा जाच अधिक होता त्यांना ती दुहेरी सुटका होती. तरीही बहुतेकांनी गाव सोडले नाही. पुरुष गेला, बायको, म्हातारी माणसे आणि लहान मुले मागे राहिली. शेती बायकांनी केली आणि सारा मुंबईच्या पैशाने भरला.

ही माणसे परत येत ती समुद्रावरून. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जाई. बहुतेक बंदरांत ती किनाऱ्याला लागत नसे. दूर खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा देई, आणि मग पडाव तिच्या कुशीला येऊन भिडत. रात्रीच्या काळोखात, लाटेने पडाव वर आला की नेमक्या त्या क्षणी उडी घ्यावयाची, ट्रंक आणि वळकटी खलाशाच्या हाती फेकावयाची, तान्हे मूल एकाने वरून सोडावयाचे आणि दुसऱ्याने खाली झेलावयाचे, हा प्रकार त्या काळच्या प्रत्येक कुटुंबाच्या स्मृतीत आहे. बंदरावरून गाव पाच-दहा कोस आत असे. तेथवर बैलगाडी, नाही तर पायवाट.

परंतु समुद्र बारमाही खुला नव्हता. पावसाळा तोंडावर आला की कोकणपट्टीवरील आगबोटी बंद होत आणि दर्या शांत होईपर्यंत बंदच राहत. आगोटीची बेगमी करून गाव घरात शिरे, आणि त्यापूर्वीच्या शेवटच्या बोटीने मुंबईकर परते. या शेवटच्या बोटीला आमच्या सामाजिक इतिहासात फार महत्त्व आहे. लग्ने वैशाखात दाटीवाटीने होत, कारण शाळांना आणि कचेऱ्यांना सुटी त्याच सुमारास असे आणि लग्नाला आलेल्या मामाला परत जाण्यासाठी बोट मिळावयाची ती ज्येष्ठ लागण्यापूर्वीच. मुहूर्त पंचांगात अनेक असत, उपयोगाचे थोडे. शिमगा हा दुसरा मोठा मेळावा. फाल्गुनात दर्या निवळलेला, शेतीची कामे उरकलेली, ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून निघून घरोघर फिरणारी, आणि दारात पालखी आली म्हणजे गावकार जे गाऱ्हाणे घालतो त्यात मुंबईस चाकरीला असलेल्या लेकराबाळांचे रक्षण कर, ही विनवणी हटकून असे. पालखी खांद्यावर घेण्यासाठी आलेले पुरुष चांगले महिना-महिना राहत. घर शाकारून घेत, बांध घालीत, सोयरीक ठरवीत, आणि भाऊबंदांचे तंटे पंचांपुढे मांडीत.

गणेशोत्सवाची गोष्ट निराळी, आणि ती सांगताना आजच्या वाचकाला थोडे आश्चर्य वाटेल. चतुर्थी हा चाकरमान्याच्या परतण्याचा मुख्य सण म्हणून आज सर्वश्रुत आहे. पण ती लवकर आली, तर जलमार्ग अजून बंदच असे. मग रेल्वेने कऱ्हाड किंवा कोल्हापूर गाठावयाचे, आणि कुंभार्ली, आंबा किंवा फोंडा घाटाने, कधी मोटारीने तर कधी पायी, भर पावसात कोकणात उतरावयाचे. हा द्राविडी प्राणायाम ज्याला परवडे तोच येई. एरवी गणपती घरच्या बायका आणि म्हातारेच बसवीत. माटवीला कवंडळे, नारळ, सुपारीचे घड आणि रानफळे ती मुलेच आणीत ज्यांचे वडील त्या वेळी लालबागेत साच्यावर उभे असत. शिवाय भरपगारी रजा कारखान्यांच्या कायद्यात आली ती १९४०च्या दशकात. त्यापूर्वी गावी जाणे म्हणजे पगार सोडणे आणि आपल्या जागी बदली कामगार लावणे होते.

दर्याने माणसे नेलीही. १७ जुलै १९४७ रोजी, दिव्याच्या अवसेच्या सुमारास, भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक उतारू बुडाले. अलिबाग-रेवसकडील कितीतरी घरांत त्या अवसेला दिवे लागले ते श्राद्धाचेच.

माणूस येऊ शकत नसे तेव्हा मनिऑर्डर येई. टपालखात्याने ही सोय १८८० साली सुरू केली आणि रत्नागिरी जिल्ह्याची सारी गृहव्यवस्था तिच्यावर उभी राहिली. मनिऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी चार बोटांची जागा असे. त्या जागेत शक्य तेवढे आयुष्य कोंबले जाई: पैशांपैकी किती वाण्याला द्यावे, किती साऱ्याला ठेवावे, म्हशीचे काय झाले, मुलाला शाळेत घातले का, आईचा खोकला कसा आहे. वाचता न येणाऱ्या बाईला हा मजकूर पोस्टमन ओटीवर बसून मोठ्याने वाचून दाखवी, त्यामुळे पतीने पत्नीला लिहिलेले गुज शेजारपाजाऱ्यांसह सर्वांना ऐकू जाई. म्हणूनच की काय, त्या मजकुरात गुज नसेच. मुलगा झाल्याची वार्ता मुंबईला पोस्टकार्डाने जाई, मृत्यूची तारेने. तार मिळाली तरी पावसाळ्यात वेळेत पोहोचणे अशक्य. मुलगा येई तो दहाव्याला किंवा तेराव्याला. बापाचे अंत्यदर्शन चुकल्याचे दुःख ज्यांनी आयुष्यभर बाळगले अशा पुरुषांची ती पिढी होती, आणि तिच्याविषयी मला अपार ममत्व आहे.

मुंबईतही गाव होतेच. परळ-लालबागच्या चाळींत गावमंडळाने भाड्याने घेतलेली एक खोली, भिंतीवर ओळीने टांगलेल्या ट्रंका, पाळीपाळीने झोपणारे दिवसपाळी-रातपाळीचे गडी, आणि जेवण खाणावळवाल्या बाईकडे. त्याच खोलीत देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी जमे, शाळेच्या इमारतीचा ठराव होई, गावच्या वाडीतील भांडणाचा निवाडाही कधी होई. कोकणातील पुष्कळशा शाळा, विहिरी आणि रस्त्यांचे पहिले तुकडे या मुंबई मंडळांच्या घरटी वर्गणीतून झाले आहेत. त्यांच्या वह्या कोणी अभ्यासकाने वेळीच जमा कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण चाळी पडत आहेत आणि त्यांबरोबर वह्याही जात आहेत.

१ जून १९४८ रोजी सरकारी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढील दोन-तीन दशकांत लाल गाड्या तालुक्याच्या कसब्यांतून वाड्यावस्त्यांपर्यंत जाऊन पोहोचल्या. कशेडी, परशुराम अशा घाटांनी वळणे घेणारा मुंबई-गोवा रस्ता पावसाळ्यातही, रखडत का होईना, चालू राहिला. आणि तेव्हाच गणेशोत्सव हा चाकरमान्याचा सण झाला. आगबोटी पुढे बंद पडल्या. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांनी मात्र आपले एकत्र येण्याचे दिवस नव्याने निवडले: बुद्ध आणि आंबेडकर यांची संयुक्त जयंती पुष्कळ गावांत मे महिन्याच्या सुटीत होते, आणि लग्नेही तिच्या आगेमागे लागतात. किनाऱ्यावरील मुसलमान घरांत तर पुरुष जहाजावर, आणि मागाहून आखातात; त्यांचे पंचांग दर्यापारच्या रजेवर चालले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. त्यातील हजारो कोकणात परतले, कारण संप लांबला तरी गावी तांदूळ होता. आजवर पैसे पाठविणारा माणूस प्रथमच घरात बसला. मुलांना वडिलांचा सहवास मिळाला, पण तो कसा, तर चूल पेटेल की नाही या विवंचनेत; आणि जी बाई तीस वर्षे एकटीने शेत आणि घर सांभाळीत आली तिच्या कारभारात आता एक निराश, अबोल पुरुष वाटेकरी झाला. त्या काळाविषयी कोकणातील घरांत अजूनही फारसे बोलले जात नाही. पुष्कळांची नोकरी कायमची गेली. त्यांची मुले पुढे दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार येथे बायकामुलांसह स्थिरावली. गाव आणि मुंबई यांत विभागलेले कुटुंब असे अखेर एका ठिकाणी आले, परंतु ते ठिकाण गाव नव्हते.

मग रेल्वे आली. बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांनी जिचा ध्यास घेतला ती कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णत्वास गेली. रोह्यापासून मंगळुरापर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, सह्याद्रीच्या पायथ्यातून बोगदे काढून ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली केलेला. रात्री ठाण्याला बसलेला माणूस पहाटे कणकवलीला उतरू लागला. ज्या प्रवासाला दोन दिवस आणि दोन वाहने लागत तो झोपेत होऊ लागला, आणि त्याचबरोबर मुक्काम आखडला. पूर्वी एकदा आलेला महिनाभर राही, कारण पुन्हा येणे दुष्कर होते; आता दीड दिवसाच्या गणपतीसाठी येऊन तिसऱ्या दिवशी कामावर हजर होता येते, म्हणून हजर व्हावे लागते. गावच्या घरांवर मंगळुरी कौलांच्या जागी स्लॅब आले, मांगर पडले, खळ्यांना फरशी झाली, आणि दाराला कुलूप लागले. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११ च्या गणतीत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत.

या स्त्रियांनी राखलेला एक विधी मात्र प्रवासाच्या साधनांना बधलेला नाही. काही तालुक्यांत नव्या सुनेचा पहिला ओवसा पावसाचे नक्षत्र पूर्वा असताना गौरी येतील त्याच वर्षी होतो. बुरडाकडून नवी सुपे आणावयाची, त्यांत फळे, पाने, नारळ मांडून गौरीपुढे ओवसावयाचे, मग ती सुपे सासरच्या आणि माहेरच्या वडीलधाऱ्यांना द्यावयाची आणि त्यांच्याकडून आशीर्वाद व ओवाळणी घ्यावयाची. नक्षत्राचा योग कधी लग्नाच्या पहिल्याच वर्षी येतो, कधी सुनेच्या कडेवर मूल आल्यावर. नवी मुंबईत वाढलेली, कचेरीत जाणारी मुलगीही त्या वर्षी रजा काढून येते, आणि सासरची भावकी तिला प्रथमच एकत्र भेटते. मला हा विधी कोकणातील कुटुंबव्यवस्थेचा कणा वाटतो. विभक्त झालेल्या चार भावांचा गणपती मूळ घरात एकच, हीदेखील त्याच जातीची गोष्ट.

२०२० च्या साथीत काही महिन्यांसाठी जुने मुक्काम परतले. टाळेबंदीत पासाची दरखास्त करून आलेली कुटुंबे गावाच्या वेशीवर, शाळांत, विलगीकरणात राहिली. मुंबईकराला गावात घ्यावे की नाही यावरून वाड्यांत कलह झाले, ते दुःखदच होते. पण एकदा घरात गेल्यावर ती माणसे पेरणीपासून चतुर्थीपर्यंत आणि पुष्कळ ठिकाणी त्यापुढेही राहिली. आजोबांनी नातवांना लावणी शिकविली. ज्यांनी गाव केवळ सणात पाहिले होते त्यांनी आषाढातला गाव पाहिला.

आता पुन्हा पाच दिवसांचाच हिशेब आहे, आणि त्या पाच दिवसांत घरे पुष्कळ काही बसवितात: गौरीच्या जेवणादिवशी बारसे, विसर्जनाच्या आदल्या दिवशी साखरपुडा, सातबाऱ्यावरील वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे एक सकाळ, आणि मुंबई मंडळाची वार्षिक सभा. रेल्वेचे आरक्षण पूर्वी चार महिने आधी उघडे, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते साठ दिवस आधी उघडते. बारसे कोणत्या दिवशी करावयाचे हे गावच्या आत्याला कळविले जाते ते आरक्षण उघडते त्या सकाळी आठ वाजता तिकिटे हाती आल्यानंतर. न मिळाली तर वाडीतली दहा-पंधरा घरे मिळून एसटीची अख्खी गाडी घेतात, आणि ती थेट गावच्या सड्यावर येऊन थांबते.