‘ईजिप्त’ जहाजाचे उद्धारण

खोल समुद्रातील उद्धारण-साधनांची खरी कसोटी पाहणारी एक प्रसिद्ध मोहीम. पी. अँड ओ. कंपनीचे ‘ईजिप्त’ हे जहाज लंडनहून मुंबईस येत असता 20 मे 1922 रोजी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यालगत, दाट धुक्यात, ‘सेन’ या फ्रेंच जहाजाची धडक बसून सुमारे वीस मिनिटांत बुडाले. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. खलाशांत भारतीयांचा भरणा मोठा होता. जहाजावर दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते.

अवशेष सुमारे 120 ते 130 मी. खोलीवर होते. तेथे पाण्याचा दाब वातावरणीय दाबाच्या जवळजवळ तेरापट असतो व नेहमीच्या रबरी पोशाखातील पाणबुड्याला काम करणे अशक्य होते. इटलीच्या ‘सोरिमा’ कंपनीने जर्मनीतील नॉइफेल्ट-कून्के कंपनीचा सांधेयुक्त पोलादी पोशाख वापरून पाहिला. त्यात हवा साध्या दाबाचीच राहत असल्याने रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा धोका टळे. परंतु खोलीबरोबर सांधे घट्ट होत आणि हातपाय हलविणे दुष्कर होई. अनुभवी पाणबुड्या आल्बेर्तो जियान्नी याने हातपायच काढून टाकले. उरला तो खिडक्या असलेला बंद पोलादी कक्ष. आतील माणूस काहीच उचलत नसे. तो पाहत असे व दूरध्वनीवरून वरच्या यांत्रिक पंजाला दिशा देत असे. साधन साधे, पण मोहिमेचे सारे यश या एका निर्णयावर उभे आहे.

समुद्रतळावरून पोलादी तार ओढीत शोध चालला. दैवी काठीने जागा दाखविणाऱ्यांचीही मदत घेण्यात आली होती. ऑगस्ट 1930 मध्ये ‘आर्तिल्यो’ जहाजाला अवशेष सापडले. हिवाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे काम थांबले, तेव्हा हे जहाज ब्रिटनी किनाऱ्याजवळ ‘फ्लॉरेन्स एच.’ या 1918 साली बुडालेल्या दारूगोळावाहू जहाजाचे अवशेष सुरुंगाने फोडण्यास गेले. बारा वर्षे पाण्यात पडलेली दारू निकामी झाली असावी, असा समज होता. 7 डिसेंबर 1930 रोजी तिचा प्रचंड स्फोट होऊन ‘आर्तिल्यो’ बुडाले आणि जियान्नी, त्याचे दोन सहकारी पाणबुडे व इतर अनेक खलाशी मृत्यू पावले.

त्याच नावाच्या दुसऱ्या जहाजाने काम पुढे नेले. सोन्याच्या खोलीपर्यंत पोहोचण्यासाठी मधले मजले सुरुंगांनी फोडून पंजाने उपसावे लागले. पंजात हैदराबाद संस्थानासाठी छापलेल्या नोटाही आल्या. अखेर 22 जून 1932 रोजी पहिले सोने वर आले. पुढील काही वर्षांत खजिन्याचा बहुतेक भाग काढण्यात आला.