लाल बावटा: तमाशाची पाटी कुणी बदलली?

जुन्या ऱ्हिदम अँड ब्लूजची प्लेलिस्ट लावली की 'द ओरिओल्स' भेटतातच. बाल्टिमोरची कृष्णवर्णीय पोरं. सनी टिलचा मुख्य आवाज आणि मागे बाकीच्यांची साथ. १९४८ साली त्यांचं पहिलं गाणं गाजलं. तोवर अमेरिकेत काळ्यांच्या संगीताला 'रेस रेकॉर्ड्‌स' म्हणत. १९४९ साली 'बिलबोर्ड'नं आपल्या यादीचं नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केलं. गाणारे तेच राहिले, पाटी तेवढी नवी आली.

त्याच दशकात आपल्याकडेही एक ग्रुप होता. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर या तीन शाहिरांनी 'लाल बावटा कलापथक' उभं केलं. अण्णा भाऊ वाटेगावच्या मातंग घरातले, शाळा नावापुरती. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, गिरणीत राबलेले. कम्युनिस्ट चळवळीतले हे लोक डफ, ढोलकी, तुणतुणं घेऊन कामगारांपुढे उभे राहत. साचा तमाशाचाच, पण गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन.

सरकारला हे झेपलं नाही. मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, तेव्हा यांनी तोच खेळ 'लोकनाट्य' म्हणून केला. अमेरिकेत पाटी बदलली ती धंदेवाल्यांनी. इथं ती बदलली कलावंतांनीच, कायद्याला चकवायला. मला हा फरक मोठा वाटतो. आज लोकनाट्य हा शब्द सभ्य वाटतो, पण त्याच्या मागे एक बंदी आहे.

मी नळदुर्गचा, म्हणून यातला सीमेचा भाग मला जवळचा. बार्शी शेजारची, पण ती मुंबई प्रांतात आणि आमचं गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच काळात संयुक्त महाराष्ट्राच्या सभा अमर शेखांच्या पहाडी आवाजानं दणाणत होत्या. अण्णा भाऊंच्या 'माझी मैना' या छक्कडीत मुंबईच्या विरहाबरोबर बेळगाव-कारवारचं दुःखही आहे. १ मे १९६० ला मुंबई मिळाली, नळदुर्ग महाराष्ट्रात आलं, बेळगाव मात्र राहिलं. मराठी राज्यासाठी गाणाऱ्यांत बार्शीचा एक मुसलमान शाहीर सगळ्यांत पुढे होता, हे आज मुद्दाम सांगावं लागतं.

१८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले. बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले.

ओरिओल्सचं गाणं रेकॉर्डवर राहिलं. कलापथकाचं खरं गाणं मैदानात झालं आणि ऐकणाऱ्यांबरोबर बरंचसं गेलं. १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटात अमर शेख निदान दिसतात तरी. तिथून सुरुवात करा. आणि घरात त्या सभा ऐकलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर फोनचं रेकॉर्डिंग आजच सुरू करा.