प्रतिपिंडांचे खंड : सर्पदंशापासून कर्करोगापर्यंत

प्रतिपिंड हे रोगप्रतिकारक यंत्रणेने तयार केलेले, दोन भुजा व एक देठ असलेले प्रथिन होय. भुजांची टोके विष, विषाणू यांसारख्या परक्या घटकांना ओळखून धरतात. देठ पुढील प्रतिकाराला चालना देतो. भुजा देठापासून वेगळ्या केल्या तरी त्यांची ओळखण्याची क्षमता टिकते. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ रॉडनी पोर्टर यांनी १९५९ मध्ये पपईच्या चिकातील पपेन या विकराने प्रतिपिंडाचे तुकडे करून हे दाखवून दिले. प्रतिपिंडांच्या रचनेवरील संशोधनाबद्दल ते आणि जेराल्ड एडेलमन १९७२ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

या तत्त्वाचा आपल्याकडील सर्वांत परिचित उपयोग म्हणजे सर्पदंशावरील प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषाच्या अल्प मात्रा घोड्यांना टोचल्या जातात. त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचा देठ पेप्सिन या विकराने वेगळा करतात. मुंबईची हाफकिन ही या औषधाच्या जुन्या उत्पादकांपैकी एक. देठ काढल्याने विपरीत प्रतिक्रियेचा धोका घटतो, संपत नाही; उरलेला खंडही घोड्याचाच असतो. म्हणूनच प्रतिविष डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावे लागते. गोव्यासह सह्याद्रीत आढळणाऱ्या चापड्यांच्या विषासाठी मात्र ते बनवलेले नसते.

विकराने कापण्याऐवजी हव्या त्या खंडाचे जनुकच रचण्याची वाट १९८० च्या दशकात जनुकीय अभियांत्रिकीने खुली केली. भुजेच्या टोकाशी असलेले जड व हलक्या साखळीचे भाग लहानशा दुव्याने जोडले की ‘एकसाखळी खंड’ तयार होतो. आकाराने तो पूर्ण प्रतिपिंडाच्या सुमारे एक षष्ठांश असतो. मूळ खंड उंदराचा असला तरी त्याची घडण मानवी प्रथिनाच्या जवळ नेता येते.

आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यातून साकारलेला ‘नेक्सकार-१९’ हा उपचार याच तंत्रावर उभा आहे. रुग्णाच्या टी-पेशी काढून त्यांत असा मानवीकृत खंड घडवणारे जनुक घातले जाते. त्यामुळे त्या पेशी ‘सीडी-१९’ ही खूण असलेल्या कर्कपेशी ओळखून नष्ट करतात. बी-पेशींच्या काही रक्त व लसिका कर्करोगांसाठी, पूर्वीचे उपचार निष्फळ ठरल्यावर, तो दिला जातो. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत लोकार्पण झाले. चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला. परदेशी उपचारांच्या तुलनेत खर्च सुमारे एक दशांश असला, तरी तो लाखांच्या घरातच आहे.

सुट्या स्वरूपात टोचलेले लहान खंड मूत्रपिंडांवाटे लवकर बाहेर पडतात, ही त्यांची मर्यादा. डोळ्याच्या पडद्याच्या विकारात वापरले जाणारे रॅनिबिझुमॅब हे औषधही एक खंडच असून ते जिवाणूंमध्ये तयार करतात. ते थेट डोळ्यातच टोचले जाते. उंट व लामा यांच्या प्रतिपिंडांपासून मिळणाऱ्या अतिसूक्ष्म खंडांतून सर्पविषावर औषध घडवण्याचे संशोधनही सुरू आहे. तूर्त सर्पदंश झालेल्याचा आधार घोड्यापासूनचे प्रतिविष हाच असून, तो रुग्णालयात किती लवकर पोहोचतो यावरच त्याचा जीव अवलंबून असतो.