चाकांतील हवा

जव्हारहून दाभोशाच्या धबधब्याकडे जाणारी वाट चढउतारांची आणि वळणांची आहे. पावसाळ्यांत मुंबईच्या मोटारी या वाटेला लागतात. त्यांतील कित्येकींना मूळ टायर काढून हौसेनें रुंद टायर चढविलेले असतात. अशा टायरांत हवा किती भरावी, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नामागें बराच मोठा इतिहास आहे.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धांव असे. तिचा दाब तपासण्याचा प्रश्नच नव्हता. हिसके मात्र बैलांना व माणसांना सोसावे लागत. हवेवर चालणाऱ्या चाकाचें पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ मध्यें घेतलें; पण तेव्हां त्याची गरज कोणास भासली नाहीं. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं मुलाच्या तीनचाकी सायकलीवर तोच प्रयोग नव्यानें केला आणि १८८८ मध्यें पेटंट मिळविलें. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतींत मिशलँ बंधूंनीं हवेच्या टायरांची मोटार उतरविली. टायर वारंवार फुटले. तरी पुढची दिशा ठरून गेली.

आरंभींचे टायर अरुंद असत व त्यांत दर चौरस इंचाला ६० पौंडांहूनही अधिक दाब लागे. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत रुंद 'बलून' टायर निघाले आणि त्याच्या निम्म्या दाबावर मोटारी चालूं लागल्या. कारण ओझें पेलते ती हवा. टायर तिला केवळ धरून ठेवतो. १,००० किलोच्या मोटारीच्या एका चाकावर २५० किलो भार येतो. दाब ३२ पौंड असेल, तर जमिनीला टेकणारा भाग सुमारें ११० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा! घाटांतील सारी भिस्त या चार तळहातांवर.

दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर जो दाब छापलेला असतो, तो मूळ मापाच्या टायरांचा. टायरच्या बगलेवर उठविलेला आंकडा कमाल मर्यादेचा असतो. पुष्कळ लोक तोच योग्य दाब समजून हवा ठासतात. मग टायर मधोमध झिजतो आणि ओल्या वळणावर पकड सुटते. हवा कमी पडली, तर बगला मुडपून आंतून तापतात व भरधांव गाडीचा टायर फुटतो. माप बदलल्यास टायर बनविणाऱ्यांच्या भार-तक्त्यांत जुना टायर ठरल्या दाबाला किती ओझें पेलत होता तें पाहावें लागतें, आणि तेवढेंच ओझें पेलणारा नव्या मापाचा दाब शोधावा लागतो. पडताळा पाहण्याची जुनी युक्ति मोठी सोपी आहे. टायरवर आडवी खडूची रेघ ओढून गाडी सरळ, कोरड्या रस्त्यावर थोडी चालवितात. रेघ मधेंच पुसली, तर हवा जास्त. कडांनाच पुसली, तर कमी.

मोजणी मात्र थंड चाकांवरच व्हावी. टायर ५-६ अंश सेल्सियसनें तापला कीं दाब सुमारें १ पौंड वाढतो. त्यांत जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंच. तेथें बाहेरची हवा विरळ असल्यानें दाबमापक आणखी पाऊण पौंड अधिक दाखवितो. तो वाढलेला आंकडा पाहून हवा सोडणारा मनुष्य दुसऱ्या दिवशीं पहांटे, चाकें गार पडलेलीं असतांना, भरल्या गाडीनिशीं उतरणीला लागतो.